'सेट' शब्दाचा संसार

इंग्रजी भाषेतील कठीण शब्द कोणते, असे एखाद्या विद्यार्थ्यास विचारावे, तर तो बहुधा लांबलचक शब्दांची नावे घेईल. 'बॅरोमीटर', 'कॉन्स्टिट्यूशन', 'फोटोसिंथेसिस' हे शब्द उच्चारावयास जड आणि लिहावयास त्याहून जड. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येईल की, हे शब्द दिसतात तितके त्रासदायक नसतात. 'बॅरोमीटर' म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे यंत्र, एवढे एकदा समजले की त्या शब्दाची जन्माची ओळख झाली. तो कोठेही भेटो, त्याचा वेष बदलत नाही. खरी फजिती करतात ते आखूड शब्द. 'गेट', 'पुट', 'टेक', 'रन' आणि 'सेट' हे शब्द इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात भेटतात आणि इंग्रजीची पदवी मिळाल्यावरही पुरते ओळखीचे झाले, असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. यांपैकी 'सेट' या एका शब्दाची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

या शब्दाचा पसारा केवढा आहे याची कल्पना कोशावरून येईल. ऑक्सफर्डचा सुप्रसिद्ध बृहत्कोश १८८४ सालापासून भागाभागांनी निघू लागला आणि १९२८ साली पुरा झाला. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. त्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदविले असून ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. एवढ्या शब्दांत एखादी बेताची कादंबरी लिहून होते! सबंध कोशात याहून लांब नोंद दुसरी नव्हती. पुढे कोशाचे नव्याने संशोधन सुरू झाले तेव्हा 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थ दाखवून हा मान हिरावून घेतला. तरी 'सेट'चे वैभव त्याने उणे होत नाही.

हे आकडे ऐकून कोणी म्हणेल, "काय ही भाषा! एका शब्दाला चारशे अर्थ, मग माणसाने ती शिकावी तरी कशी?" असे म्हणणाऱ्याने आपल्याच घरातील 'लागणे' या शब्दाकडे पाहावे. आपल्याला भूक लागते, ठेच लागते, दम लागतो. दार लागते, तसा डोळाही लागतो. झाडाला आंबे लागतात, मुलाला नोकरी लागते, कामाला वेळ लागतो, भाजीला मीठ लागते आणि ती खाल्ल्यावर गोड किंवा खारट लागते. अमुक गृहस्थ माझे मामा लागतात. 'गाडी लागली' एवढेच म्हटले, तर ती फलाटाला लागली, की घाटात एखाद्या प्रवाशाला लागली, हे मागचापुढचा संदर्भ पाहूनच ठरवावे लागते. आणि पाहा, या 'ठरवावे लागते'मध्येही तो शब्द येऊन बसलाच. एवढे सगळे अर्थ आपण कोणत्या कोशातून पाठ केले? एकही नाही. एखादी वस्तू दुसरीला जाऊन भिडते, हे एक चित्र आपल्या मनात लहानपणीच उमटलेले असते आणि बाकीचे अर्थ त्याच्या आधाराने आपोआप उलगडतात. 'सेट'च्या बाबतीतही नेमके तेच चित्र हाती आले पाहिजे. ते एकदा आले की चारशे अर्थांची भीती राहत नाही.

ते चित्र शोधण्यासाठी या शब्दाच्या कुळाकडे जावे लागेल. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदापासून दुसरे एक क्रियापद बनले होते, त्याचा अर्थ 'बसावयास लावणे', म्हणजे बसविणे. तेच आजचे 'सेट'. व्याकरणात ज्याला आपण प्रयोजक क्रियापद म्हणतो ते हे. मराठीत अशी क्रियापदे हवी तितकी बनतात: करणे आणि करविणे, निजणे आणि निजविणे, पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे. इंग्रजीतही फार पूर्वी ही सोय होती. 'फॉल' म्हणजे पडणे, त्यावरून 'फेल' म्हणजे झाड पाडणे; 'लाय' म्हणजे आडवे होणे, त्यावरून 'ले' म्हणजे आडवे ठेवणे. पडणे आणि पाडणे यांत जसा आपण आतला स्वर बदलतो, तसाच तेथेही बदललेला दिसतो. पुढे इंग्रजीतील हा कारखाना बंद पडला, नव्या जोड्या निघेनाशा झाल्या. परंतु जुन्या जोड्या वापरात राहिल्या. 'सिट' आणि 'सेट' ही त्यांतील सर्वांत चलनी जोडी होय.

हे कूळ आणखी मागे नेले तर आपल्या ओळखीची मंडळी भेटतात. संस्कृतातील 'सद्' हा धातू, म्हणजे बसणे, आणि इंग्रजी 'सिट' हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. सदन म्हणजे बसण्याची जागा, सभासद म्हणजे सभेत बसणारा, परिषद म्हणजे भोवती बसलेली मंडळी, आणि उपनिषद म्हणजे गुरूजवळ बसणे. लॅटिन भाषेतून आलेले 'सेशन' आणि 'प्रेसिडेंट' हे शब्दही याच घराण्याचे. 'प्रसन्न' आणि 'प्रसाद' हे शब्द याच धातूचे आहेत, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल. गढूळ पाण्यातील गाळ तळाशी बसला म्हणजे वरचे पाणी निवळते. ते पाणी प्रसन्न, आणि तसेच निवळलेले मनही प्रसन्न. तेव्हा चहाच्या दुकानात आणि दूरध्वनीच्या दुकानात ज्याला आपण परका समजतो, त्या इंग्रजी शब्दाचे क्रियापद उपनिषदाच्या नात्यातले आहे.

आता 'सेट' म्हणजे बसविणे, हे सूत्र हाती धरून काही प्रयोग पाहू. सोनार अंगठीत खडा बसवितो. इंग्रज त्याला 'सेट' म्हणतो. मोडलेले हाड वैद्य बसवितो; तेथेही 'सेट'. खुडूक कोंबडीला आपण अंड्यांवर बसवितो. इंग्रज शेतकरीही तिला 'सेट'च करतो. खिडकीत काच आणि जमिनीत फरशी बसविताना हाच शब्द चालतो. या सगळ्यांत दोन गोष्टी समान आहेत. वस्तू कोठेतरी नुसती ठेवली जात नाही, तिच्या नेमक्या जागी ठेवली जाते. आणि तेथे गेल्यावर तिने हलू नये अशी अपेक्षा असते. नेमकी जागा आणि तेथील स्थैर्य, हेच ते चित्र. नुसते ठेवण्याला इंग्रजीत 'पुट' हा शब्द आहे. खडा टेबलावर 'पुट' करतात आणि अंगठीत 'सेट' करतात. एवढ्यात दोहोंतला भेद आला.

कित्येक ठिकाणी मराठीत 'बसविणे' न येता 'लावणे' येते, परंतु चित्र बदलत नाही. घड्याळ लावणे म्हणजे काटा नेमक्या जागी आणणे. सापळा लावणे, गीताला चाल लावणे, आग लावणे, एखाद्यास कामाला लावणे, या सर्वांस इंग्रजीत 'सेट' आहे. जेवणासाठी ताटेवाट्या मांडणे हेही 'सेट'. कारण तेथे प्रत्येक भांड्याची जागा ठरलेली असते. पुढे जागेवरून हा शब्द काळाकडे आणि विचाराकडे गेला. लग्नाची तारीख ठरविणे, वस्तूची किंमत ठरविणे, कित्ता घालून देणे, परीक्षेची प्रश्नपत्रिका काढणे, या साऱ्या गोष्टी 'सेट' होतात. तारीख ही काही हाताने उचलून ठेवण्याची वस्तू नव्हे. पण पंचांगातील इतक्या दिवसांतून एक दिवस निवडून त्यावर बोट ठेवले आणि म्हटले, "हा आता हलणार नाही," तर खडा बसविण्याहून ते निराळे काय झाले? चिंच खाल्ल्याने आपले दात आंबतात, तोही इंग्रजीत दात अमुक स्थितीत 'सेट' होण्याचाच प्रकार मानला जातो.

येथपर्यंत कोणीतरी कशालातरी बसवीत होते. परंतु कित्येकदा वस्तू स्वतःच 'सेट' होते. दूध विरजले की त्याचे दही 'सेट' होते. येथे पातळ पदार्थातील हालचाल थांबते आणि त्याला स्थिर रूप येते. इमारतीचे सिमेंटही 'सेट' होते. या ठिकाणी हा शब्द काटेकोर शास्त्रीय अर्थाने वापरतात, हे घर बांधणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. साध्या पोर्टलंड सिमेंटला पाणी लागल्यापासून निदान ३० मिनिटे तरी ते आळू लागू नये आणि १० तासांच्या आत ते पुरते आळावे, असा भारतीय मानक आहे. पण आळणे निराळे आणि बळकट होणे निराळे. आळलेल्या सिमेंटला नुसता आकार आलेला असतो. त्याला बळ येण्यास पुढे कित्येक दिवस लागतात, आणि म्हणूनच त्याच्या बळाची कसोटी २८ दिवसांनी घेण्याचा प्रघात आहे. "सिमेंट सेट झाले" एवढे ऐकून जो पाणी मारणे बंद करतो, तो शब्दाचा अर्थ चुकतो आणि स्लॅबही कच्चा ठेवतो.

सूर्य 'सेट' होतो हा प्रयोग मात्र विद्यार्थ्यांस नेहमी चमत्कारिक वाटतो. याचेही उत्तर बसण्यातच आहे. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला जो शब्द होता त्याचा अर्थ 'आसनाकडे जाणे' असा होई. दिवसभर चालून थकलेला सूर्य संध्याकाळी क्षितिजावरील आपल्या आसनावर जाऊन टेकतो, अशी ती कल्पना. आपण म्हणतो दिवस बुडाला. ते म्हणतात दिवस बसला. दोन्ही लोकांनी पाहिला तो एकच देखावा.

आता या शब्दाच्या संसारातील सर्वांत गुंतागुंतीच्या भागाकडे वळू. 'सेट'च्या मागे 'अप', 'आउट', 'इन', 'ऑफ', 'बॅक', 'असाइड' असे लहान लहान शब्द येऊन उभे राहतात, आणि प्रत्येक वेळी अर्थाची दिशा फिरते. 'सेट अप' म्हणजे उभारणे, मग तो तंबू असो की कारखाना. 'सेट आउट' म्हणजे प्रवासास निघणे. तसेच एखादे म्हणणे मुद्देसूद मांडणे. 'सेट इन' म्हणजे एखादी अवस्था येऊन ठाण मांडणे. केरळात सरासरीने १ जून रोजी पावसाळा 'सेट इन' होतो, म्हणजे आपल्या भाषेत पावसाळा लागतो. हवामान खाते ज्याला मोसमी पावसाचा 'ऑनसेट' म्हणते तो हाच शब्द, मात्र त्यात लहान शब्द मागून पुढे आला आहे. 'सेट बॅक' म्हणजे मागे हटविणे. 'सेटबॅक' म्हणजे कामात आलेला अडथळा, हा अर्थ पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु नगरपालिकेच्या नकाशात तोच शब्द येतो तेव्हा तो रस्त्याच्या बाजूने सोडावयाच्या मोकळ्या जागेविषयी असतो. आपल्या प्लॉटाच्या कागदांत 'सेटबॅक' पाहून कोणी हबकून जाऊ नये, आणि तिकडे दुर्लक्षही करू नये.

यांपैकी 'सेट असाइड' हा प्रयोग मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण त्यात अर्थाचा घोळ झाल्यास माणसाची मालमत्ता जाऊ शकते. घरगुती इंग्रजीत 'सेट असाइड' म्हणजे बाजूला काढून ठेवणे, राखून ठेवणे. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे 'सेट असाइड' केले, म्हणजे ते जपून ठेवले. परंतु न्यायालयाने एखादा हुकूम 'सेट असाइड' केला, म्हणजे तो रद्द केला. एकीकडे जपणे, दुसरीकडे मोडून टाकणे. मुळातील चित्र दोन्हीकडे एकच, उचलून बाजूला ठेवण्याचे. पैसा बाजूला ठेवला की तो सुरक्षित राहतो; हुकूम त्याच्या जागेवरून उचलला की तो अमलातून जातो. जागेवर असण्यातच हुकुमाचा जीव असतो.

माझ्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांचा घराच्या वाटणीचा दावा होता. खालच्या न्यायालयात निकाल त्यांच्यासारखा झाला आणि दुसऱ्या पक्षाने अपील केले. काही महिन्यांनी त्यांना इंग्रजीत पत्र आले की, त्यांच्या बाजूचा हुकूमनामा जिल्हा न्यायालयाने 'सेट असाइड' केला आहे. गृहस्थ जुन्या पिढीतले, वाचनाची आवड असलेले. हुकूम आपल्यासाठी राखून ठेवला आहे, असे त्यांनी समजून घेतले आणि पत्र कपाटात ठेवून दिले. दोन महिने उलटले. पुढे एके दिवशी कागद आवरताना ते पत्र त्यांच्या सुनेच्या दृष्टीस पडले आणि तिच्या काळजात धस्स झाले. जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करावयाची मुदत ९० दिवसांची असते. सुदैवाने त्यांतील काही दिवस अद्याप शिल्लक होते आणि अपील वेळेत दाखल झाले. त्या अपिलाचे पुढे काय व्हावयाचे ते कायद्याप्रमाणे होईल. पण ते दाखल करण्याचा अधिकारच दोन लहान शब्दांपायी हातचा जाणार होता.

हाच शब्द पक्षकाराच्या उपयोगीही पडतो, हेही सांगितले पाहिजे. एखाद्यावर त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला, तर १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे, समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा गैरहजेरीस पुरेसे कारण होते असे दाखवून, तो हुकूमनामा 'सेट असाइड' करण्याविषयी त्याला अर्ज करता येतो. त्याची मुदत ३० दिवसांची. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, आणि समन्स रीतसर बजावले गेले नसल्यास हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून. त्याच संहितेत 'सेट ऑफ' हाही शब्द येतो. तेथे त्याचा अर्थ वजावट. वादीच्या मागण्यातून त्याच्याकडे असलेले आपले निश्चित येणे वळते करून घेणे. एरवी 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणे, किंवा फटाका उडविणे! तेव्हा कागद कोठून आला आहे, हे पाहिल्याशिवाय या शब्दाचा अर्थ करू नये. बाजारातला अर्थ न्यायालयात चालत नाही आणि न्यायालयातला स्वयंपाकघरात चालत नाही.

आतापर्यंत क्रियापदाची हकीकत झाली. परंतु चहाचा सेट, दागिन्यांचा सेट, पुस्तकांचा सेट, असे जे नाम आपण नेहमी वापरतो त्याचे कूळ वेगळे आहे, असे सांगितले तर आश्चर्य वाटेल. समूह या अर्थाचा हा 'सेट' जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधील 'सेक्टा' या शब्दावरून आला. 'सेक्टा' म्हणजे कोणाच्या तरी मागून जाणारे अनुयायी, पंथ. पंथ या अर्थाचा इंग्रजी 'सेक्ट' हा शब्द त्याचाच भाऊ. याच्या मुळाशी 'मागून जाणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे, आणि त्याचे संस्कृतातील नातलग म्हणजे 'सच्' हा सोबत असण्याचा धातू. राजाच्या सोबत असणारा तो सचिव. म्हणजे 'सेट' हे क्रियापद उपनिषदाच्या नात्यातले, तर 'सेट' हे नाम सचिवाच्या नात्यातले. दोन वेगळ्या डोंगरांतून निघालेल्या नद्या इंग्रजीच्या मैदानात एकमेकींस मिळाल्या, आणि उच्चार एकच झाल्याने लोकांना वाटू लागले की नीट मांडून ठेवलेल्या वस्तूंचा तो सेट. आता त्यांचे पाणी वेगळे करता येत नाही.

या नामाचाही विस्तार मोठा आहे. चहाच्या सेटात वस्तू एकमेकींस शोभणाऱ्या असाव्या लागतात, आणि एक कप फुटला की सेट अपुरा होतो. टेनिसच्या खेळात निदान सहा गेम आणि दोन गेमांची आघाडी मिळविणारा एक सेट जिंकतो; सहा-सहा अशी बरोबरी झाली तर बहुधा निर्णायक गेम खेळवितात. नाटकाचा सेट म्हणजे रंगभूमीवर उभारलेला देखावा. तो मात्र बसविणे या पहिल्या घराण्यातला. गणितात या शब्दाला आणखी एक प्रतिष्ठा लाभली. जर्मन गणिती गेओर्ग कँटर यांच्या १८७४ सालच्या निबंधापासून जे शास्त्र वाढले, त्याला इंग्रजीत 'सेट थिअरी' म्हणतात, आणि आपल्या शाळांतील गणिताच्या पुस्तकांत त्या 'सेट'ला 'संच' म्हटले आहे. गणितातील संचाला शोभेची पर्वा नसते. चंद्र, माझी छत्री आणि ७ ही संख्या यांचाही एक संच होतो. फक्त कोणती वस्तू आत आहे आणि कोणती बाहेर, याविषयी संशय असता कामा नये. 'बाबा' या शब्दातील अक्षरांचा संच लिहावयास सांगितला तर 'बा' हे अक्षर एकदाच लिहावयाचे. संचातील एखादा घटक काढला तर तो फुटक्या सेटासारखा अपुरा होत नाही, दुसरा पुरा संच तयार होतो. इतकेच काय, आत काहीच नसले तरी तो रिक्त संच असतो. मुलाला गणितातील संच शिकविताना घरातील चहाच्या सेटाचा दाखला देणारे पालक पुष्कळ असतात. दाखला सोयीचा आहे, पण तो कोठपर्यंत चालतो आणि कोठे थांबतो हे सांगितले नाही, तर मुलाचा गोंधळ अधिकच वाढेल.

ज्या यंत्रातून असली भाषणे घरोघर ऐकली गेली त्यालाही 'रेडिओ सेट'च म्हणत. वेटोळी, तबकड्या, दिवे, तारा अशा अनेक भागांची ती जुळणी होती. आज ते यंत्र दिवाणखान्यातून पुष्कळसे नाहीसे झाले. परंतु खिशातील दूरध्वनीला दुकानदार 'हँडसेट' म्हणतो. वस्तू गेली, शब्द राहिला.

आणि हा शब्द आता मराठीतही चांगलाच स्थिरावला आहे. "मुलगा पुण्यात सेट झाला," असे आपण सहज म्हणतो. त्याला शुद्ध मराठीत काय म्हणावे? त्याचा जम बसला, बस्तान बसले! पाहा, इंग्रजी शब्द बाजूला केला तर त्याच्या जागी आपले 'बसणे'च येऊन उभे राहते. यावरून आपण धरलेले सूत्र खरे होते, असे म्हणावयास हरकत नाही. 'सेटिंग' हा शब्द मात्र मराठीत येऊन थोडा बिघडला. दूरध्वनीतील 'सेटिंग' सरळ आहे; पण "अमक्याने कचेरीत सेटिंग लावली" म्हटले की त्यात आतून जुळवाजुळव केल्याचा वास येतो. परगावी गेलेला मुलगा जसा तेथील संगत घेतो, तसा शब्दही घेतो.

मग असला बहुरूपी शब्द शिकावा आणि शिकवावा कसा? अर्थांची यादी पाठ करून घेणे हा निष्फळ मार्ग आहे. यादीतील आठवा अर्थ आठवला की तिसरा विसरतो, आणि वाक्य समोर आले म्हणजे दोन्ही आठवत नाहीत. त्यापेक्षा वाक्य हाती घेऊन तीन प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न: येथे 'सेट' हे नाम आहे की क्रियापद? नाम असेल तर बहुतेक वेळा समूहाकडे वळावे. दुसरा प्रश्न: क्रियापद असेल, तर कोणती वस्तू कोणत्या जागी बसत आहे किंवा बसविली जात आहे? तिसरा प्रश्न: त्याच्या मागे एखादा लहान शब्द आहे काय, आणि तो बोट कोणत्या दिशेला दाखवितो? यांची उत्तरे मिळाली की दहांपैकी आठ वेळा अर्थ आपण होऊन पुढे येतो. उरलेल्या दोन वेळांसाठी कोश आहेच. आणि कागद न्यायालयाचा किंवा इस्पितळाचा असेल, तर कोशावरही न थांबता जाणत्या माणसास विचारावे.

एक व्याकरणाची खूणही सांगून ठेवतो. 'सेट'चे भूतकाळी रूप 'सेट'च, आणि धातुसाधितही 'सेट'च. 'पुट', 'कट', 'शट' यांचेही तसेच. त्यामुळे 'दे सेट आउट' या वाक्यात ते निघतात की निघाले, हे रूपावरून कळत नाही. आजूबाजूच्या शब्दांतून काळ शोधावा लागतो. एकवचनी तृतीयपुरुषात मात्र वर्तमानकाळी 'सेट्स' असे रूप होते, तेवढा आधार मिळतो.

श्रोतेहो, वेळ संपत आली. मोठ्या शब्दांचा धाक आणि लहान शब्दांची हेळसांड, ही आपल्या इंग्रजी शिक्षणातील जुनी खोड आहे. मोठा शब्द अडला तर माणूस कोश उघडतो, लहान शब्द अडला हे त्याला कळतच नाही. आणि कपाटातील पत्र तसेच पडून राहते. आपल्या घरी येणाऱ्या इंग्रजी कागदांत असे लहान शब्द पुष्कळ असतील. कागद टाकून देण्यापूर्वी किंवा त्यावर सही करण्यापूर्वी ते एकदा थांबून वाचावे, आणि घरातील मुलांनाही तशी सवय लावावी, एवढीच विनंती.